गनीभाईची मोटार पळाली त्याची गोष्ट

संगमनेरात त्या काळी कुणी उशिरा आला की लोक विचारत, "काय रे, गनीभाईच्या मोटारीनं आलास का?" लढाई चालू होती आणि पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गाडीच्या मालकाने, म्हणजे शेटने, मोटारीच्या पाठीला एक लोखंडी टाकी बसवून घेतली होती. टाकीत कोळसा पेटवायचा आणि त्याच्या वायूवर गाडी चालायची. चालायची म्हणजे काय, तर सपाटीला रांगायची आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून तिला ढकलायचं. तिकीट काढून वर गाडीही ढकलायची म्हणजे फारच झालं, असं लोक म्हणत आणि तरी बसत, कारण दुसरी गाडी नव्हती.

अशा गाडीच्या ड्रायव्हरवर, म्हणजे गनीभाईवर, भरधाव गाडी हाकल्याचा खटला भरला, तेव्हा अख्खा मोटार स्टँड पोट धरून हसला. गनीभाई तेवढा हसला नाही. गाडी खरंच पळाली होती.

झालं होतं असं. बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी चंदनापुरी घाटाच्या माथ्याकडे धापा टाकत निघाली होती. निम्मे उतारू मागून ढकलत होते. तेवढ्यात एक सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, "गनीभाई, तुमी येताय म्हनून फुडं सांगून ठिवू का?" सगळे हसले. गनीभाईही हसला, पण ते हसू वरवरचं होतं.

माथ्यावर उतारू परत आत बसले. कोळसा वाचवायला सगळेच ड्रायव्हर उतारावर गिअर काढून गाडी सोडत, पण पाय ब्रेकवर असे. त्या दिवशी गनीभाईने गिअर काढला आणि पाय उचलला. गाडी निघाली ती निघालीच! वांग्यांच्या पाट्या कलंडल्या, बायकांनी खंडोबाला हाका मारल्या आणि सायकलवाला धुरळ्यात कुठल्या कुठे मागे राहिला. खरं सांगायचं तर गनीभाईला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. अंगावर काटा आला होता त्याच्या. आणि घाटाच्या पायथ्याशी, मैलाच्या दोन दगडांमधलं अंतर गाडी किती वेळात कापते ते घड्याळावर मोजत दोन पोलीस उभे होते.

त्याच्या लायसनवर आधीचा एक शेरा होता. मागे एका बैलगाडीचं चाक मोडलं होतं, त्याचा. दुसरा शेरा पडला की लायसन गेलं. लायसन गेलं की गनीभाई गेला, असं समजा. ना शेत, ना दुकान, ना दुसरा हुन्नर. घरात बायको अख्तरी आणि तीन लेकरं.

वकिलाने डोकं लढवलं. "गुन्हा कबूल करायचाच नाही. कोळशाची गाडी पळूच शकत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मॅजिस्ट्रेट हसेल आणि तू सुटशील. फक्त त्या दिवशी गाडीत असलेलं एक माणूस आण. शपथेवर सांगायचं, गाडी नेहमीसारखीच चालली होती."

आता त्या दिवशीच्या उतारूंपैकी जो तो अंग चोरायला लागला. एकाची म्हैस व्यायला आली, एकाला पाहुणे आले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे सगळ्यांना त्याच आठवड्यात आठवलं.

तारखेच्या आदल्या दिवशी गाडीचा क्लीनर सूर्यभान, टाकीतली राख उकरण्यात केस पिकलेला माणूस, हसत हसत आला. "मिळाला साक्षीदार! राहीआक्का म्हनली, मी येते."

"कोनती राहीआक्का?" गनीभाईने विचारलं, जरी ती कोणती हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"आपली वांगीवाली. म्हनली, गनीभाईनं आजवर माझी पाटी कदी खाली राहू दिली न्हाई, तवा त्याच्या पोटावर पाय यायला नको."

गनीभाईच्या हातातलं फडकं थांबलं. मग तो पुसलेलीच काच परत पुसायला लागला.

तुम्हाला म्हणून सांगतो, आपल्या बाजारात शपथेला भाजीच्या देठाएवढी किंमत. "पोराची आन, याच भावात पडलीत वांगी," असं प्रत्येक बाई दिवसातून दहादा म्हणते, आणि पोरं आपली खुशाल वाढतात. पण राहीबाईचा एकुलता बन्सी पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला, तेव्हापासून तिने शपथ घेणं सोडलं होतं. खरीसुद्धा घेत नसे. गिऱ्हाईक मुद्दाम डिवचायचं, "आक्का, घ्या की लेकाची आन!" ती वांगी परत पाटीत टाकायची. "नगं घिऊ," म्हणायची. सगळा बाजार हे जाणून होता. आणि तीच बाई उद्या कोर्टात उभी राहून खोटी शपथ घेणार होती.

त्या संध्याकाळी गनीभाईचं कशातच मन लागेना. मशिदीत गेला, तिथे चित्त ठरेना. चहा मागवला, तो तसाच निवला. मनात म्हणे, कोर्टातली शपथ देवाची असते, लेकाची कुठे असते? लगेच दुसरं मन म्हणे, आईला हे कोण शिकवणार? बाई देवाचं नाव घेईल आणि तिच्या डोळ्यापुढे बन्सीच उभा राहील. उद्या त्याचं बरंवाईट झालं, देव न करो, तर ती कुणाला काही बोलणार नाही. गाडीत येऊन गप्प बसेल, आणि आपण पुढे चाक धरून बसायचं! मग लेकरांची तोंडं आठवत आणि गाडं पुन्हा मूळ पदावर येई. अख्तरीने विचारलं तर उगाच तिच्यावर खेकसला आणि नंतर त्याचंही वाईट वाटून घेतलं.

सकाळी कचेरीत ही गर्दी! गनीभाईच्या गाडीला वेगाचा दंड होतो का, ही गंमत कोण सोडणार? दाराशी राहीबाई बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पदराचं टोक मुठीत असं आवळलेलं की बोटं पांढरी पडली होती. तिने गनीभाईकडे पाहिलं नाही.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटने आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

वकिलाने मागून कोपर मारलं. गनीभाईने एकदा त्या मुठीकडे पाहिलं.

"कबूल हाय, सायेब."

कोर्टात खसखस पिकली. मॅजिस्ट्रेटने चष्मा वर केला. "कोळशाची गाडी ना? एवढी पळेल कशी?"

"उतार हुता. गिअर काढला, आन ब्रेकावरचा पाय उचलला. माझ्याच हातानं झालं."

वकिलाने कपाळाला हात लावला. दंड झाला, आणि कबुली दिली म्हणून लायसन कायमचं न जाता सहा महिन्यांसाठी जमा झालं.

बाहेर येताच राहीबाईने त्याला गाठलं. "मला इचारलं का? मी मन घट करून आल्ते!" आणि भर कचेरीच्या आवारात ती रडायला लागली. "काल दिवसभर बन्सीची माफी मागत हुते मी."

"म्हनूनच, आक्का," गनीभाई म्हणाला. सहा महिने काय खायचं हे त्याला माहीत नव्हतं. सूर्यभान शेजारी येऊन उभा राहिला. "शेटला मी सांगतो," म्हणाला. "टाकीवर दोन मानसं लागत्यात म्हनून. सा म्हैनं माझ्यासंगं राख उकरायची."

भोवती माणसं जमलीच होती. त्यात तो सायकलवालाही होता. धुरळा खाल्लेला कबूल करायला तो थोडाच तयार होता? "कशाची पळतीय गाडी!" तो म्हणाला. "पोलिसांनी दम दिला तसं बोलला. घाबरला, दुसरं काय?" लोक हसायला लागले. गनीभाईने मान खाली घातली.

राहीबाईने डोळे पुसले. पदर खोचला आणि ती त्या सायकलवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बन्सीची आन घिऊन सांगते," ती म्हणाली, "लई पळाली हुती."

मग कुणीच हसलं नाही.