काजवालीची लाल नखं

माझ्या मोठ्या बहिणीसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. कोटाला हाताने काज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. काजावरून नुसतं बोट फिरवून गिऱ्हाईक म्हणायचं, हे बाईंचंच. पण नखांना कायम गडद लाल नेलपॉलिश. दुकानात सगळे तिला 'बाईसाहेब' म्हणून चिडवायचे. चिडवू दे, म्हणायची. लालीखाली काय आहे, ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

तिला स्क्लेरोडर्मा होता. कातडी आणि शरीराला आतून जोडणारं सगळं घट्ट होत जाणारा आजार. जरा गार वारा लागला की बोटं आधी पांढरी, मग निळी. लागण होणारा आजार नव्हे, पण दुकानाच्या मालकांना, टेलर मास्तरांना, कोण समजावणार? त्यांना कुणाची साधी शिंक चालत नसे. म्हणून ती लाली. छातीत दाब यायला लागला, तेव्हाही "सांध्यांचंच असेल" म्हणत राहिली, आणि आमच्या भावोजींनी तिची री ओढली.

शेवटी दुकानातच कोसळली. मास्तरांनी तिला उचलून गाडीत घातलं, हॉस्पिटलात आणलं आणि तिथेच ठाण मांडून बसले. मी पोचले तेव्हा हृदयाचे डॉक्टर सांगत होते, "एक नळी तुंबलीय. मनगटातून तार घालून ती उघडू, आत स्टेंट बसवू. दुसरा काही आजार?"

"छे!" ताई म्हणाली. हात चादरीखाली.

मी तोंड उघडलं, तर तिने कचकन चिमटा काढला आणि डोळ्यांनी मास्तरांकडे खूण केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीव टांगणीला लागलाय आणि हिला नोकरीची पडलीय! तिच्या पर्समधून रिमूव्हरची बाटली काढली, सिस्टरच्या ट्रेमधला कापूस उचलला आणि तिचा हात ओढून बाहेर काढला.

"सोड गं!" ती ओरडली. मी खसाखसा पुसत सुटले. खाली निळी नखं, टोकांना जुन्या जखमा. "हे बघा डॉक्टर. आता विचारा हिला!"

डॉक्टरांनी तिची बोटं निरखून पाहिली. "बरं झालं दाखवलंत. या आजारात हाताच्या बारीक नळ्या आधीच आखडलेल्या असतात. मनगटातली बंद पडली, तर बोटं काळी पडायची भीती. आपण मांडीतून जाऊ."

मास्तर मागे सरकले आणि रुमालाने हात पुसायला लागले. तिला ज्यांनी उचललं होतं, तेच हात. उरलेलं रिमूव्हर त्यांच्या तोंडावर ओतावं असं वाटलं मला.

मांडीतून झालं. नळी उघडली, दहाही बोटं शाबूत. ताई घरी आली आणि पाठोपाठ तिचा सुयांचा डबा आला. मास्तरांनी पाठवलेला, निरोपसुद्धा नाही.

"बोटं वाचवलीस," ती माझ्यावर कडाडली, "आता त्यांना काम कुठून आणू?"

"मग जा, मर त्या मास्तराच्या दारात!" मी काय कमी आहे? झाला अबोला सुरू.

परवा ताई डबा काखेत मारून दारात उभी. दुसऱ्या एका टेलरकडे निघालेली. "माझी लाली कुठाय?"

"फेकली."

आता पुन्हा जुंपणार, मी पदर खोचूनच उभी राहिले. तिने आपली उघडी, निळसर नखं उलटसुलट करून पाहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "विचारलं तर सांगेन काय ते. आणि घाबरला, तर म्हणेन, बस मग आपली काजं आपणच करत."