सुरीवाल्या संताचं नाव

बाळाचे अर्धे लंगोट पिळून झाले होते, अर्धे अजून साबणाच्या पाण्यात बुडलेले, आणि संतकाकू हातातला लंगोट तसाच धरून मोरीच्या दारात उभी होती. आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला होता. चढलेला नव्हता, पण ठाम होता.

"आई, राग मानू नका. पण माझ्या लेकाला त्या सुरीवाल्या संताचं नाव नको म्हणजे नको."

लंगोटाचं पाणी काकूच्या पायांवर ठिबकत राहिलं.

संतकाकू हे नाव तिला गल्लीने दिलेलं. कुणाचा दात दुखला की ही आधी संत अपोलोनियाकडे पाठवणार, मग दवाखान्यात. कारण छळ करणाऱ्यांनी त्या माउलीचे दातच पाडले होते. डोळ्यांची कुरकुर असली तर संत लुसी. भाजी करपली तर संत लॉरेन्स. त्याला जाळीवर भाजत होते तेव्हा तो म्हणाला म्हणे, "ही बाजू झाली, आता उलटा करा!" हे सांगताना काकू स्वतःच इतकी हसायची, की ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य कळतच नसे.

"काकू, तुमच्या स्वर्गात सगळे स्पेशालिस्टच बसलेत की!" शेजारीण चिडवायची.

"मग? फी घेत नाहीत आणि नंबरही लावावा लागत नाही."

तिच्या घराची एक जुनी रीत होती. चर्चच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवस कुणा ना कुणा संताचा; मूल ज्याच्या दिवशी जन्माला येईल, त्याचं नाव त्या मुलाला. नवऱ्याचं नाव तसंच पडलं होतं, लेकाचंही तसंच. म्हणून सुनेला दिवस गेल्यापासून काकू रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता दुसऱ्या दिवशीच्या संताची गोष्ट सांगायची. कोण जाणे, उद्या तोच आपल्या घरी यायचा! सुनेला गोष्टी आवडायच्या. फक्त कुणी हुतात्मा निघाला, की काकू जरा जास्तच रंगात यायची.

संत बार्थोलोम्यूची गोष्ट तिने बटाटे सोलता सोलता सांगितली. त्याला मारणाऱ्यांनी त्याची जिवंतपणी कातडी सोलली, असं सांगतात. काकूने हातातल्या सुरीने बटाट्याची लांबच लांब साल काढून दाखवली. "अशी बघ, वरून खाली." सून पांढरीफटक पडली. आणि बाळाने काय करावं? दुसऱ्याच दिवशी सकाळी, बरोब्बर त्या संताच्या दिवशी, खणखणीत रडत ते जगात आलं.

रविवारी बाप्तिस्मा होता. फादरांना नाव आजच कळवायचं होतं.

"अगं, पण तो चामड्याचं काम करणाऱ्यांचा पाठीराखा," काकू दारातूनच म्हणाली. लेक पुढच्या खोलीत चामड्याच्या पिशव्या शिवत बसला होता, त्याच्याकडे तिने मान वळवली. "आपल्या घराला किती शोभून दिसेल!"

"ज्याचं कातडं काढलं, त्यालाच कातड्याचं खातं दिलं?" सून म्हणाली. "वर जाऊनसुद्धा बिचाऱ्याची सुटका नाही!"

पुढच्या खोलीत लेक एवढ्या मोठ्याने हसला, की सुई बोटात घुसली. "आई गं! आई, बटाटा सोलून दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं? भोग आता."

"तू गप रे. शिव तिकडे."

काकू पुन्हा मोरीत जाऊन बसली. हट्ट धरला असता तर सुनेने ऐकलं असतं. पोर तशी गुणाची. पण मग ती बाळाला हाक मारताना दर वेळी आतून दचकली असती. असं दचकत घेतलेलं नाव लेकराच्या अंगाला कसं लागणार? आणि रीत सोडावी, तर देवाने ज्याच्या दिवशी हे बाळ पाठवलं, त्याला दारातूनच परत फिरवल्यासारखं व्हायचं. तिने लंगोट असा पिळला, की धागे कुरकुरले.

पिळता पिळता तिच्या मनात आलं, हा माणूस मेला कसा ते आपल्याला तोंडपाठ, पण जगला कसा? काही आठवेना. नुसत्या त्याच्याच बाबतीत नाही, निम्म्या संतांच्या बाबतीत तेच. शेवट पाठ, सुरुवात कोरी. आणि एकदम तिला त्याच्या सणाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत वाचतात तो बायबलमधला उतारा आठवला. दर वर्षी ऐकलेला, पण डोक्यात सुरी असल्यामुळे कधी आत न शिरलेला.

ती ओल्या हातांनीच आत धावली.

"ऐक गं! तो सुरीवाला व्हायच्या आधी अंजिराच्या झाडाखाली बसणारा होता."

"कोण?"

"तोच आपला! त्याला नथनेलही म्हणतात. मित्र धावत आला, म्हणाला, चल, ज्याची वाट बघत होतो तो सापडला, नासरेथचा आहे. तर हा काय म्हणाला असेल? त्या गावातून कुणी बरा माणूस निघेल का म्हणे!"

सुनेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "येशूबद्दल? असं बोलला?"

"तोंडावर नाही, मित्राजवळ. पण येशूला कळलंच की! आणि रागावला का? छे. म्हणाला, हा बघा खरा माणूस, याच्या पोटात कपट नाही. तू झाडाखाली होतास तेव्हाच मी तुला पाहिलं होतं."

सुनेचे खांदे हसण्याने हलायला लागले. "आई, हा तर तुमच्या लेकावर गेलाय. जीभ अशी, आणि पोटात काही नाही."

"मी ऐकतोय," पुढून आवाज आला.

"ऐकायलाच बोलतेय!" हसू आवरून तिने बाळाच्या टाळूला गाल लावला आणि हळूच म्हणून पाहिलं, "नथनेल." बाळाने जांभई दिली. तिने पुन्हा म्हटलं. ती जराही दचकली नाही, आणि काकूने ते डोळे भरून पाहिलं.

"माणूस तोच ना, आई?"

"तोच. दिवसही तोच."

"मग हेच ठेवू. पण सुरीची गोष्ट तो दहा वर्षांचा होईपर्यंत सांगायची नाही."

"आठ."

"दहा."

"बरं बाई, नऊ. आणि बटाटा दाखवणार नाही."

"नऊ," सून म्हणाली, आणि बाळ तिने सासूच्या ओल्या हातांत दिलं.

काकूने बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली, त्याला परत आईच्या कुशीत ठेवलं आणि उरलेले लंगोट लेकाला पिळायला सांगितले. मग पदराला हात पुसत, चपला सरकवत ती फादरांना नाव सांगायला निघाली.