गिरजाबाईचा शेवटचा सिनेमा

आंबागडच्या पलीकडल्या मॅंगनीज खाणीवर गिरजाबाईला रडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि सिनेमात तर नाहीच नाही. कामगार कल्याणवाले मैदानात पडदा लावायचे तेव्हा दगड निवडून काळी पडलेली बोटं पदराला पुसत ती सगळ्यांच्या पुढे फतकल मारून बसायची. नायिकेनं गळा काढला की म्हणायची, "कायले रडून राहिली बाप्पा, चांगली पोटभर जेवलेली दिसते!" बायका हसून लोटपोट व्हायच्या. नवरा बाबूलाल खाणीत दगड कोसळून गेला तेव्हापासून तिनं एकटीनं भैय्यालालला वाढवलं होतं. जिभेला धार नसती तर वस्तीनं तिला जगू दिलं नसतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या हिवाळ्यात देवाचा सिनेमा येणार म्हणून गाजावाजा झाला. बायका न्हाऊन-धुऊन आल्या, कुणाच्या हातात उदबत्ती, कुणाच्या हातात फुलं. गिरजाबाईनं नारळ आणला होता, कारण येत्या सोमवारी भैय्यालाल पहिल्यांदा खाणीत उतरणार होता. पक्की नोकरी होती, साहेबाच्या दारात खेटे घालून तिनंच मिळवलेली.

पण रिळांचे डबे कुठेतरी बदलले होते. देव काही निघाले नाहीत. निघाली परदेशातली लढाई, तीही शिपायांची नव्हे, घरात बसलेल्या माणसांची. विमानं आली, गाव आडवं झालं, आणि एक म्हातारी आपल्याच घराच्या ढिगाऱ्यावर बसून राहिली. तिचा नवरा खाली होता. सिनेमाचा मशीनवाला भोंग्यावरून हिंदीत सगळं समजावत होता, तो सांगायचंच विसरला. म्हातारीनं विटेवर वीट आपटून कान लावला. खालून ठकठक आली. मग शेजारीपाजारी नखांनी ढिगारा उपसायला लागले. ठकठक थांबली तरी ते थांबले नाहीत. शेवटी म्हातारा निघाला तो मेलेलाच, आणि म्हातारीनं ओल्या फडक्यानं त्याच्या तोंडावरची माती पुसली.

मैदानात हुंदके फुटले. शेजारची सत्यभामाबाई लेकराला छातीशी धरून घराकडे पळाली. गिरजाबाई तेवढी कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिली.

"नशीब काढलं बुढीनं," ती म्हणाली. "तोंड तरी पुसाले भेटलं."

या वेळी कोणी हसलं नाही. बाबूलालचं प्रेत निघालंच नव्हतं. ठेकेदारानं खाणीतली ती वाट भिंत घालून बुजवली, आणि गिरजाबाईनं रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि तो जाळला. घरात नारळ फुटला तरी खोबरं ती तोंडात घालत नसे.

सिनेमातली ठकठक सुरू होताच एक माणूस उठून गेला होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तो भोजराज, बाबूलालचा खाणीतला जोडीदार. भैय्यालाल आता त्याच्याच टोळीत जाणार होता. सकाळी ती त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भोजराजभाऊ, पोरगा तुमच्या हवाली करून राहिली. काही झालं तं त्याले तिथं ठेवून येऊ नका. एवढी जबान द्या मले."

भोजराज राखुंडीनं दात घासत होता. तोंड न धुता तसाच बसून राहिला.

"काहून बोलत नाई?"

"मी कोन्या तोंडानं जबान देऊ, वयनी? बाबूलालले ठेवूनच आलो ना."

"मेलेल्याले ठेवलं. ते येगळं."

त्यावर भोजराजनं जे सांगितलं ते मान वर न करता सांगितलं. "मेला नोहोता. आतून सब्बलीनं ठोकून राहिला होता. ठेकेदार म्हणे, वरचा दगड सरकून राहिला, तुमी बी मराल, बंद करा. भिंतीले गारा मीच लावला. तवाबी ठोकूनच राहिला होता."

गिरजाबाईला शिवी आठवेना. बाबूलाल आत अडकला त्या दिवसांत ती खाणीच्या तोंडाशीच बसून होती. आत जाऊ द्या म्हणून पाया पडत होती, आणि हाच भोजराज तिला पाणी आणून द्यायचा. तिला वाटलं, याचा गळा धरावा. पण हात उचलला गेला नाही. ती घरी आली.

भैय्यालाल खाणीचे नवे बूट पायात घालून पाहत होता. बाप एका क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याला तसं गिरजाबाईनंच सांगितलं होतं.

"त्या खाणीत जाऊ नको," ती म्हणाली.

"काहून?"

तिनं तोंड उघडलं, पोराकडे पाहिलं आणि परत मिटलं.

"सिनेमा पाहून भेली का माय?" तो चिडून म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "भेली."

पोरानं आदळआपट केली, चार दिवस जेवला नाही. शेवटी तो जंगलात लाकूडतोडीला लागला. मैदानात पुन्हा पडदे लागले, पण गिरजाबाई कधी गेली नाही. लग्न झालं, लेकरं झाली, पण नोकरी गेल्याचा सल काही गेला नाही. घरी पाहुणा आला की तो बायकोसमोर, लेकरांसमोर सांगायचा, "आमच्या मायनं सिनेमाले भिऊन माही पक्की नोकरी घालवली." सगळे हसायचे. ती धारदार जिभेची गिरजाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत असायची, आणि त्यांना हसू द्यायची.