डावीकडची गाडीवाट

गोल्फच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी, शेठजी शेजारी उभे राहून काहीतरी समजावून सांगत होते आणि मी खाली बसून त्या मैदानाचा भाकरीएवढा तुकडा मुळासकट उपटून काढला.

माझा हेतू वाईट नव्हता. मी शेठजींच्या बियाण्याच्या प्लॉटवरचा सुपरवायझर. वीस-बावीस वर्षं माझं काम एकच : ओळीओळीने फिरायचं आणि वेगळं दिसणारं झाड दिसलं की उपटायचं. भेसळ काढणं म्हणतात त्याला. समोरचा माणूस बोलत असला तरी माझा हात चालूच असतो. आणि इथे तर पायाखाली चक्क हराळी होती. बदनापूरकडच्या आमच्या चार एकरांत तिच्यापायी वडिलांनी कुदळी झिजवल्या, बायकोने खुरपी झिजवली. एक कांडी राहिली तरी पुढच्या पावसात बाई हजर. ती दिसली आणि मी गप्प उभा राहिलो, असं आयुष्यात घडलेलं नाही.

"भाऊ," शेठजी शांतपणे म्हणाले, "वो ग्रीन है."

ग्रीन म्हणजे झेंडा रोवलेल्या भोकाभोवतीची तुळतुळीत हिरवी चकती. चेंडू तिथवर आला की पुढे हळूच ढकलत भोकात घालायचा असतो. ही चकती हराळीचीच एक नाजूक जात लावून करतात, हे मला कोण सांगणार? शेठजींनी माझ्या हातातली जुडी बघितली, मग माझं तोंड बघितलं, आणि म्हणाले, "इतक्या जल्दी हराळी ओळखणारा माणूस दुसरा न्हाई भेटणार. उद्यापासून ही तुम्हीच सांभाळा."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजी आपल्या शेतातली मी काढायची, अन त्यांची तुमी वाढवायची. बराबर हाय."

हे मैदान झालं कसं, ते सांगायला हवं. शेठजींचे आजोबा राजस्थानातून येऊन जुन्या जालन्यात धान्याचं दुकान टाकून बसले. शेठजीही तसेच, बियाण्याच्या धंद्यात शिरले तरी सत्तरीपर्यंत गादीवर बसून राहिलेले. मग हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, आता दवाखाना बंद करून घरी बसलेले डॉक्टरसाहेब, त्यांनी बजावलं की रोज चालायचं. शेठजी म्हणाले, कामाशिवाय चालायला मी काय खुळा आहे? डॉक्टर तरुणपणी सैन्यात होते, तिथे गोल्फ शिकलेले. "मग चेंडूच्या मागे चाल," ते म्हणाले. शेठजींकडे गावाबाहेर एक खडकाळ माळ पडून होता. त्यावर सहा होल झाले, म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून झेंड्याच्या भोकापर्यंतचे सहा टप्पे. नकाशा काढला त्यांच्याच ओळखीच्या एका इंजिनिअरसाहेबांनी. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जमिनीचा तुकडा दिसला की त्यांना आधी पाणी कुठे अडवायचं ते सुचतं. चौथ्या होलवर त्यांनी नाल्याला छोटा बंधारा घालून चांगलं पन्नास पावलं रुंद पाणी उभं केलं. चेंडू त्यावरून उडवूनच पलीकडे न्यायचा.

हळूहळू गावातले वीसेक जण यायला लागले, आणि माणसं आली तशा तक्रारीही आल्या. वर्षभरानंतर, श्रावणात, शेठजींनी मला एक वही दिली. "सबको पूछो. मैदानात काय आवडतं, काय न्हाई आवडत. लिहून आणा."

मी गोल्फ खेळत नाही. एकदा खेळून बघितला. चेंडू होता तिथेच राहिला आणि ढेकूळ मात्र उत्तम गेलं. पण विचारायला काय लागतं? महिनाभर मी वही घेऊन एकेकाच्या मागे फिरलो.

एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं : चेंडू हरवायला नको. कडेच्या गाजरगवतात वाकून वाकून चेंडू शोधणं कुणालाच आवडत नव्हतं. दुसऱ्या होलवर मधे उंचवटा असल्यामुळे झेंडा दिसत नाही, याचाही सगळ्यांना राग. आपण कुठे मारतोय ते दिसलं पाहिजे, मग चुकलं तरी चालेल. टेकाडावरच्या पाचव्या होलवरून खाली सगळं मैदान दिसतं आणि पलीकडे रेल्वेचे रूळ चमकतात. ते होल सगळ्यांचं लाडकं, अगदी तिथे सगळ्यात वाईट खेळणाऱ्यांचंही.

यापुढे मात्र एकमत संपलं. वाळूचे खड्डे असतात, बंकर म्हणतात त्यांना. ते असावेत की नसावेत? असावेत, प्रत्येक जण म्हणाला, पण जरा उजवीकडे. नीट चौकशी केल्यावर कळलं की स्वतःचा चेंडू डावीकडे पडतो. पहिल्या होलच्या मधोमध एक बाभूळ आहे. एक कापडवाले गृहस्थ रोज म्हणायचे, ही तोडा, खेळाच्या आड येते. एक दिवस त्यांचा भलतीकडे निघालेला चेंडू तिच्या खोडाला लागून वळला तो थेट ग्रीनवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीतून उतरले ते वहीच मागत. आपली तक्रार त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली आणि बाजूला लिहिलं, 'झाडं पाहिजेत. पर्यावरण.'

चौथ्या होलच्या पाण्याबद्दल इंजिनिअरसाहेब म्हणाले, "त्याला हात लावायचा न्हाई. तेवढंच एक होल खरं आहे. बाकी बगीचा आहे." ते मारायचेही तसेच. चेंडू पाण्यावरून असा जायचा की बगळेही मान वळवून बघायचे.

डॉक्टरसाहेबांनी मात्र माझ्या वहीत एका ओळीच्या वर काही दिलं नाही. "सगळं उत्तम आहे. काही बदलू नका." आणि तिसरं होल झालं की घड्याळ बघायचे. तिसऱ्याची ग्रीन फाटकाजवळच आहे. "निघतो. पेशंट थांबलेत," म्हणून पिशवी गाडीत टाकायचे. ते गेले की शेठजीही खुर्चीत बसायचे आणि चहा मागवायचे. सहा होलांचं चालणं तीनवर आलं.

मला हे समजायला आठ दिवस लागले. डॉक्टरांचा दवाखाना बंद होऊन तीन वर्षं झाली होती. पेशंट कुठले थांबणार? एकदा मी चौथ्या होलच्या पाण्यात पडलेले चेंडू जाळीने काढत होतो. त्यातल्या निम्म्यांवर निळ्या शाईचा ठिपका होता. तसा ठिपका फक्त डॉक्टर करायचे. त्यांच्या हातातला जोर कमी झाला होता. चेंडू पलीकडे पोचत नव्हता आणि अलीकडे पाण्यात पडताना सगळे बघत होते.

मी शेठजींना सांगितलं. त्यांनी कपातला चहा फिरवला. "तो न्हाई आला तर मी पण न्हाई येणार, भाऊ," ते म्हणाले. "मला काय या खेळात कळतं? मी त्याच्याबरोबर चालतो, बस." मग म्हणाले, "काहीतरी करा. पण त्याला न सांगता."

मी केलं. काहीतरी करा म्हटलं की मी लगेच करतो, हा माझा जुना आजार. नाल्याच्या अगदी काठाशी, जिथून मारलं तर पाणी सहज ओलांडता येईल, तिथे मी मारण्यासाठी एक नवी सपाट जागा केली. इथवर ठीक होतं. पण नवी जागा लोकांना कळावी म्हणून मी पाटी रंगवून घेतली : 'महिला व ज्येष्ठ नागरिकांसाठी'. वर पिवळा रंग, लांबून दिसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी आग्रह करून डॉक्टरांना चौथ्यापर्यंत आणलं. डॉक्टरांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग माझ्याकडे बघून अतिशय सभ्यपणे म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." आणि गाडीकडे चालू लागले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. शेठजी चार दिवस एकटे आले, फाटकाजवळच्या खुर्चीत बसले, मग तेही यायचे थांबले. मी रोज सकाळी फवारे चालू करायचो आणि कुणी न चाललेल्या हिरवळीवर पाणी पडताना बघत उभा राहायचो. पाटी मी त्याच दिवशी उपटली होती. उपटणं मला येतंच.

त्या रविवारी बायको मैदान बघायला आली. यायचं कारण तिने स्कूटरवर बसतानाच सांगितलं होतं : "आपली कपाशी पाऊस बघून राह्यली, अन फवारे कोणाला लागले ते बघू तरी." तिने पदर खोचला आणि सहाही होल फिरली, शेत बघावं तशी, मधेमधे वाकून माती चिमटीत घेत. ग्रीनपाशी तिचा हात खाली गेला होता, पण मी खाकरलो.

नाल्यापाशी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, ठिपक्याचे चेंडू, पाटी. पाटीचं ऐकून तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याशिवाय जमत नाही.

मग म्हणाली, "त्यांनी उडवूनच कामून न्यायचा?"

"खेळच तसा आहे. मधे पाणी आहे ना."

"माझ्या माहेरी घनसावंगीकडं नाले कमी होते का? आमी काय उड्या मारीत गेल्तो शेतात? वळसा घालून वाट असतीच. जरा लांब पडती." ती डावीकडे बघत होती. "ती काय हाय, तिकडं?"

तिकडे दगडांचा मोठा ढीग होता आणि त्यावर बोगनवेल. तो मीच रचला होता, शोभेसाठी. त्याच्याखाली जुनी गाडीवाट होती. माळाच्या मागच्या शेतांत बैलगाड्या जायच्या ती, आता बंधाऱ्याचं टोक आहे तिथूनच नाला ओलांडून पलीकडे उतरणारी.

"मंग ही बुजवली कामून?" बायकोने विचारलं.

छान दिसतं, म्हणालो.

सोमवारी मी ढीग काढायला लावला. वाट रुंद केली, वर माती टाकली आणि हराळीच्या कांड्या टोचल्या. भाद्रपदाच्या पावसात तिला आणखी काही लागत नाही. दसऱ्यापर्यंत वाट हिरवी झाली. आता चेंडू पाण्यावरून नेता येत होता, किंवा डावीकडे छोटा टोला मारून, बंधाऱ्यावरून जमिनीलगत घरंगळत. एक-दोन टोले जास्त, पण चेंडू कोरडा. मारायची जागा सगळ्यांना एकच. पाटी कुठेच नाही.

इंजिनिअरसाहेबांनी बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "होल सोपं केलं तुम्ही."

"पाणी हाय तिथंच हाय, सायेब," मी म्हणालो. "तुमी वरूनच मारा."

दसऱ्याच्या संध्याकाळी शेठजी आपट्याची पानं घेऊन डॉक्टरांकडे गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आले. तिसरं होल संपलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे हात नेला, पण शेठजी बोलत बोलत पुढे चालायला लागले होते, आणि बोलणाऱ्याला अर्ध्यात सोडून जाणं डॉक्टरांच्या स्वभावात नाही.

चौथ्यावर ते थांबले. डावीकडे बघितलं. "हे कधी केलं?"

"केलं न्हाई, डॉक्टरसाहेब. जुनी गाडीवाट हाय. मी बुजवली होती, परत उकरली." यात एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि या खेपेला मी तिथेच थांबलो.

डॉक्टरांनी पिशवीतली काठी बदलली, लहान काढली. चेंडू डावीकडे गेला, वाटेवर टेकला आणि थांबला. दुसऱ्या टोल्याला बंधाऱ्यावरून घरंगळत पलीकडे उतरला. शेठजींनीही तिकडेच मारला. दोघं त्या वाटेने एकामागे एक चालत गेले. मागून इंजिनिअरसाहेब आले. त्या दिवशी वारा समोरून होता. त्यांनी पाण्याकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं, मागे कुणी आहे का बघितलं आणि डावीकडे मारला. मी तेवढ्यात फवाऱ्याची तोटी तपासायला वाकलो.

दोघं मित्र सहाव्या होलपर्यंत गेले. परतताना डॉक्टर माझ्यापाशी थांबले आणि वही मागितली. त्यांच्या जुन्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'चौथे होल आवडले.'

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. सांगताना गाडीवाट कुणाला सुचली तो भाग थोडा पातळ झाला असेल. ती परसात धुण्याच्या दगडाशी होती. बादली भरली की ती मागच्या दाराने न जाता घराला पुरा वळसा घालून पुढच्या दाराने आत जाते. दोनेक वर्षांपासूनची सवय. शेजारणीशी बोलायला मिळतं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

तिने पिळलेलं लुगडं दांडीवर टाकलं आणि म्हणाली, "येवढ्या लोकांना वही घेऊन इच्यारलंत, काय आवडतं, काय न्हाई. आता माझंबी लिवा. मागच्या दाराची पायरी. तुमीच बांधलेली. माझा गुडघा चढत न्हाई तिच्यावर. डॉक्टरसायेब तीन होल खेळून घरी तरी जात होते. मी घरातून कुटं जाऊ?"