काठी आली, आता दाबा

म्बेयूचा आवाज म्हणजे मझोलानी गावाचा भोंगा. ती दारात उभी राहून "उगाली करपली गं" म्हणाली, की समोरच्या उतारावरच्या चार बाया आपापल्या चुलीकडे धावायच्या, कारण ती कुणाला म्हणाली ते कळायचं नाही, पण कुणाची तरी करपलेली असायचीच. तिला कुणी हळू बोलायला सांगितलं तर म्हणायची, मी हळूच बोलतेय, तुमचे कान जवळ आहेत.

शाळा तिनं धाकटा भाऊ जन्मेपर्यंत पाहिली, मग भावाला पाठीवर बांधलं आणि शाळा संपली. लग्न होऊन मझोलानीला आली. नवरा मोंबासाला मालाचा ट्रक चालवायचा, एका वर्षी ट्रक आला आणि तो आला नाही. तीन पोरं तिनं तुरीच्या शेंगांवर आणि स्वतःच्या आवाजावर वाढवली. आवाजावर म्हणजे काय, तर इर्जिकीला, ज्याला तिकडे म्वेर्या म्हणतात, गाणं म्हणायचा मान तिचा. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, असं बाया आळीपाळीनं राबायच्या, आणि म्बेयूनं सूर लावला की सगळ्या कुदळी एकदम वर जायच्या. स्वतः ती फारसं खणायची नाही. कुणी टोमणा मारला तर म्हणे, गळा काय फुकट चालतो?

मोंबासाची झैनाबू नावाची चुणचुणीत पोरगी आली आणि तिनं ही इर्जिकच फोनात घातली. दुसऱ्याच्या शेतात राबलं की आपल्या फोनात गावाचं नाणं जमा, ते देऊन दुकानातून साबण घ्या, शेळीला औषध घ्या. ते ब्लॉकचेनवर चालतं म्हणाली. हिशेब एका माणसाकडे नसतो, जगभरच्या हजार यंत्रांत एकसारखा लिहिलेला असतो. अध्यक्ष नाही, साहेब नाही, कुणाला खाता येत नाही. बाया खूश झाल्या. खाणारे अध्यक्ष त्यांनी तीन पाहिले होते.

मझोलानीसारखी बरीच गावं आणि कुठली कुठली लांबची माणसं मिळून एक मंडळ झालं. मंडळाच्या सामाईक पेटीतून एका गावाचं एक काम व्हायचं. यंदा मझोलानीची पाळी. म्बेयूनं आणि बायांनी जुन्या तळ्यातला गाळ हातानं उपसला होता, पण खाली कातळ लागला. तो फोडायला यंत्र हवं होतं, तेही पावसाआधी, नाहीतर पाणी यायचं आणि वाहून जायचं. नदी किती लांब हे म्बेयूच्या टाळूला माहीत होतं. तिथला केस घागरीनं कधीच नेला होता. आता सुनेला सातवा लागला होता आणि तीही घागर घेऊन निघायची. आपली सून पोटुशी असताना नदीला जाणार नाही, एवढंच म्बेयूनं मनात धरलं होतं.

गावानं आंब्याखाली बसून हो म्हटलं होतं. आता फक्त प्रत्येकानं फोनवरून तेच म्हणायचं होतं, आणि ठरलेल्या आकड्याइतकी मतं पडायला हवी होती.

फोनला रेंज मिळायची ती टेकडीवरच्या गोरखचिंचेखाली. त्या दुपारी म्बेयू लेकीशी बोलायला तिथे चढली, तोच झैनाबूचा फोन. झैनाबू तिला थोरल्या पोराच्या नावानं हाक मारायची.

"चिझीची आई, तुमच्या गावातून एकही मत आलेलं नाही."

"असं कसं? सगळ्यांनी हो म्हटलंय."

"आंब्याखाली म्हटलंय. फोनात शून्य आहे. आज सूर्य बुडला की मुदत संपते आणि पाळी पुढच्या गावाला जाते."

म्बेयू म्हणाली, मग तू तुझ्या मोठ्या साहेबाला सांग, एक दिवस थांब म्हणावं. झैनाबू म्हणाली, साहेबच नाही ना. तेव्हा म्बेयूला पहिल्यांदा कळलं, की साहेब नाही म्हणून लाच नाही हे खरं, पण रडायचं तरी कुणाच्या दारात?

ती टेकडीवरूनच ओरडली, मत कुणी दिलं नाही गं? खालून सगळ्यांचं एकच उत्तर आलं. चिमेराबाबांनी अजून दिलं नाही.

आता यात चूक कुणाची म्हणायची? चिमेराबाबा गावात सगळ्यांत वडील. सभेत ते बोलल्याशिवाय कुणी बोलत नाही, ताटात त्यांचा हात गेल्याशिवाय कुणाचा घास उचलला जात नाही. मग फोनात त्यांच्या पुढे कोण जाईल? सगळं गाव बोट वर धरून बाबांची वाट पाहत होतं. आणि बाबा सकाळीच पुतण्यासाठी मुलीची मागणी घालायला पलीकडच्या गावी गेलेले, फोन किनांगोच्या दुकानात चार्जिंगला टाकून. म्बेयूला राग आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की मत तर तिनंही दिलेलं नाही. ती कुणाची वाट पाहत होती?

भाड्यानं माणसं नेणाऱ्या म्वेरोची मोटारसायकल सडकेवर उभी होती. म्बेयू मागे बसली आणि म्हणाली, चल, आणि खड्डे मोजत बसू नकोस. म्वेरो म्हणाला, मावशी, कानात ओरडू नका, तोल जातो. सगळी वाट धुळीची, वाटेत कोळशाचा ट्रक आडवा, म्वेरोनं गाडी काटेरी झुडपांतून घातली. म्बेयूचा कमरेला गुंडाळलेला लेसो फाटला तरी तिनं थांब म्हटलं नाही.

मागणीची बैठक ऐन रंगात होती. पुरुष कुडाच्या आत, मध्ये माडीचा तुंबा, आणि चिमेराबाबा मुलीकडच्यांशी शेळ्यांवरून हातघाईवर आलेले. बाईमाणसानं तिथे शिरायचं नसतं. म्बेयू कुंपणाबाहेर राहिली आणि तिच्या मते कुजबुजली. बैठक थांबली. मुलीचा बाप म्हणाला, ही बाई आमच्या पोरीची सासू नाही ना होणार?

बाबा कुंपणापाशी आले. तिनं सगळं सांगितलं.

"मी आता उठलो तर ते म्हणतील, म्हातारा घाबरून पळाला. ठरत आलेलं मोडेल," बाबा म्हणाले.

"आणि आमचं तळं?"

"माझा फोन दुकानात. तो उघडायचा नंबर माझ्या डोक्यात. डोकं इथे गुंतलेलं."

म्बेयू गप्प राहिली. गप्प राहिलेली म्बेयू बाबांनी आजवर पाहिली नव्हती, त्यानं ते हलले असावेत. हातातली काठी त्यांनी पुढे केली. त्या काठीला आजवर कुणी हात लावला नव्हता, बाबांची सून अंगण झाडतानासुद्धा तिला वळसा घालायची. बाबांनी काठीवर माडीचा थेंब ओतला.

"ही झाडाखाली रोव. काठी उभी, म्हणजे मी बोललो. यंत्रानं माझं मोजलं नाही तरी चालेल. माणसांनी मोजलं की बास."

परतताना काठी तिनं लेकरासारखी छातीशी धरली. शेवटच्या चढाला पेट्रोल संपलं. म्वेरो गाडीपाशी राहिला, म्बेयू पळत सुटली, आणि वर पोचायच्या आधीच तिचा आवाज पोचला. काठी आली, आता दाबा.

उतारांवरून माणसं मुंग्यांसारखी निघाली. काठी गोरखचिंचेपाशी रोवली गेली, कडक जमिनीत डगमगली म्हणून म्बेयूनं धरून ठेवली, आणि बोटं चालू लागली. कुणी चष्मा मागतंय, कुणी नंबर विसरलंय, एक म्हातारा हो दाबायच्या ऐवजी जावयाला फोन लावून बसला. झैनाबू तिकडून सांगत होती, वाढताहेत, वाढताहेत. मग ती म्हणाली, थांबली. थोडीच कमी पडताहेत.

कमी पडत होत्या त्या वरच्या उताराच्या बाया. त्यांच्यात फोन एकच, पण चिप, म्हणजे सिमकार्ड, प्रत्येकीची वेगळी, लेसोच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली. फोनात आपली चिप घालायची, काम करायचं, काढून पुढचीला द्यायचं. आणि तो फोन होता न्येवूचा.

न्येवू म्बेयूची थोरली जाऊ. म्बेयूच्या शेळीनं तिची चवळी खाल्ली, तिनं शेळी दिवसभर बिनपाण्याची बांधून ठेवली, तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर दोघी शेळीलाच सांगायच्या. बाया चिपा मुठीत धरून उभ्या होत्या आणि न्येवूचा पत्ता नव्हता. सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला. कुणी म्हणालं, जा, तिला बोलावून आण. पण जाऊन यायला वेळ कुठला?

म्बेयूनं काठी एका हातानं धरली, वरच्या उताराकडे तोंड केलं. आवाजच फुटेना. तिचा, म्बेयूचा. घसा खाकरून तिनं हाक मारली.

"जाऊबाई. तुमच्याशिवाय तळं होत नाही. या."

झाडाच्या जाड बुंध्यामागून न्येवू बाहेर आली. ती कधीचीच येऊन तिथे बसली होती.

"एवढं ओरडायला मी बहिरी आहे का?" ती म्हणाली. "यंत्र म्हणतं सगळ्यांनी या. सगळ्यांना बोलावलं म्हणजे मला बोलावलं असं होतं होय?"

फोन हातोहात फिरू लागला. चिप घाला, फोन चालू व्हायची वाट पाहा, दाबा, काढा. एकीची चिप गवतात पडली, पाचजणी गुडघ्यांवर. ती सापडेपर्यंत न्येवूनं पुढचीची घातलीसुद्धा. सूर्य अर्धा गेला, मग नखाएवढा राहिला. शेवटची चिप न्येवूची. तिच्या एका हातात चिप, दुसऱ्यात झाकण, तेव्हा म्बेयूनं काठी मानेशी टेकवून फोन धरला आणि न्येवूनं दाबलं.

सगळ्या म्बेयूच्या फोनभोवती गोळा झाल्या. मग झैनाबूचं रडणंच ऐकू आलं, आणि ते कसलं रडणं हे बायांना बरोबर कळलं. त्यांनी नाचून धुरळा उडवला. म्वेरो गाडी ढकलत वर पोचला आणि विचारू लागला, झालं काय? त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

झैनाबू मग फोनवर म्हणाली, पुढच्या वेळी आठवडाभर आधी सुरू करा. म्बेयू म्हणाली, तुमच्या त्या हजार यंत्रांना सांगून ठेव, आमच्याकडे आधी काठी, मग बोटं, आणि जाऊबाईंना वेगळं आमंत्रण.

आठवड्याभरात यंत्र आलं आणि कातळावर घाव पडू लागले. दोघी जावा काठावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. न्येवू शेजारी बांधलेल्या शेळीकडे बघून म्हणाली, हिला सांग, सुनेनं घागरीला आता हात लावायचा नाही, पाणी मी आणून देईन.

म्बेयूनं शेळीकडे पाहिलं, मग जावेकडे. "मलाच सांगा ना," ती म्हणाली, आणि समोरच्या उतारावर ते सगळ्यांना ऐकू गेलं.