चिंचेखाली हळू बोलणारे व्याही

अख्ख्या बोरीवलीत माझ्याइतका मोठ्यानं बोलणारा माणूस नाही आणि अख्ख्या पृथ्वीवर माझ्या व्याह्यांइतका हळू बोलणारा नाही. ते खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातले. दारात चिंच आणि चिंचेवर दरसाल बगळ्यांची वीण. वाडीचा जुना नेम असा, की बगळ्यानं पहिली काडी आणली की पिल्लं उडेपर्यंत तिथं वाजंत्री नाही, फटाका नाही, आरडाओरडा नाही. बगळे म्हणजे बाळंतपणाला आलेल्या लेकी. नेम सगळ्यांचाच, पण व्याह्यांच्या अंगात मुरलेला. कुकरची शिट्टी नको म्हणून त्या दिवसांत भात टोपातच शिजायचा. शिंक आली की उशीत तोंड खुपसायचे. विहीणबाईंशी भांडण निघालंच तर दोघं होडीत बसून खाडीत जात, मनसोक्त भांडत आणि येताना बोंबील घेऊन येत.

आमच्या मुलाची वरात नेमकी विणीत आली. मी वरबाप, बँड ठरवलेला, ऐकतो कशाला? व्याही वळणावर हात जोडून उभे. म्हणाले, "वर लेकी निजल्यात. झाड तेवढं ओलांडा, मग आभाळ फोडा." मी म्हटलं, नाच थांबणार नाही. थांबला नाहीच. बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली आणि आम्ही सगळे चिंचेखालून मुक्यानं नाचत गेलो. नुसता चपलांचा आवाज. वरून एका लेकीनं माझ्या नव्या फेट्यावर आहेर केला. "आता झाला वरपक्षाचा मान," व्याही कुजबुजले.

पुढं शेजारच्या जागेवर टॉवर निघाला. जमिनीत खांब ठोकणारं यंत्र आलं. व्याह्यांनी जाऊन ते चालवणाऱ्याला नेम सांगितला. त्या बिचाऱ्यानं चहा संपेपर्यंत यंत्र बंद ठेवलं. त्याच्या हातात तेवढंच होतं. बगळे अर्धी घरटी टाकून गेले. टॉवर झाला, यंत्र गेलं, चिंच तिथंच आहे. बगळे काही आले नाहीत. वाडीतली पोरं आता स्पीकर लावतात. त्यांना तरी काय बोलणार, झाड रिकामंच.

व्याही मात्र अजून कुजबुजतात. परवा फोनवर मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, "अहो व्याही, आता कोण आहे वर? मोठ्यानं बोला ना."

ते म्हणाले, "लेक आली आणि घरात गोंगाट ऐकू आला, तर उंबऱ्यावरूनच परत जाईल हो."

सून, म्हणजे त्यांचीच लेक, तेव्हा गॅसवर कुकर चढवत होती. मी हातानंच तिला थांब म्हटलं. बोरीवलीची शिट्टी त्या चिंचेपर्यंत जात नाही, एवढं मला कळतं. पण फोन चालू होता.