लायवर जोर

नव्वदच्या दशकात औंढ्याच्या एका दवाखान्यात एक सिस्टर होत्या. आजाराचं इंग्रजी नाव त्या पेशंटला तोडून तोडून, टाळ्या वाजवत शिकवायच्या. शेजारच्या माझ्या औषधाच्या दुकानात ते ऐकू यायचं. वाटायचं, कशाला हा उद्योग?

एकदा तांड्यावरची एक बाई लेकीला घेऊन आली. डॉक्टर नुसतं 'टॉन्सिलायटिस' म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. बाई रडतच माझ्याकडे गोळ्या घ्यायला आली. "येवढं मोठं नाव! पोरगी वाचंल ना भाऊ?"

मी बोलायच्या आत सिस्टर मागून आल्या. "म्हणा, टॉन-सि-लाय-टिस. लायवर जोर द्या."

"म्हंजे लय हाय का?" बाईने घाबरून विचारलं.

सिस्टर खळखळून हसल्या. "लय न्हाई बाई. टॉन्सिल म्हंजे गळ्यातल्या गाठी, आयटिस म्हंजे सूज. गोळ्यांनी उतरंल."

बाईने डोळे पुसले आणि टाळ्या वाजवत नाव म्हणून पाहिलं. नीट जमलं तशी तीही हसली. "मंग आजपासून हिचं बर्फाचे गोळे खाणं बंद!"

इतका वेळ गप्प बसलेल्या पोरीने तेव्हा कुठे भोकाड पसरलं.